पेरोव्हस्काइटचे स्फटिक जरूर वाढवा, पण शिशाचे द्रावण बेसिनमध्ये ओतू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या विज्ञान पानावर गेल्या पंधरवड्यात पेरोव्हस्काइट या पदार्थाविषयी आलेला लेख आमच्या खानापूर तालुक्यातील बऱ्याच विद्यार्थ्यांनी वाचला, हे मला त्यांच्याच तोंडून समजले. सौरघटांविषयीची त्यातील माहिती चांगली होती. मात्र तो लेख वाचून पेरोव्हस्काइट म्हणजे सौरघट एवढाच समज होतो, आणि त्याच कुळातील अतिनील किरण ओळखणारे स्फटिक, ज्यांवर आपल्या भागातील पदवी महाविद्यालयांत अलीकडे प्रकल्प होताना मी पाहिले, त्यांची ओळख राहूनच जाते. या स्फटिकांविषयी आणि ते वाढवताना होणाऱ्या एका गंभीर चुकीविषयी मला लिहायचे आहे. मी या तालुक्यात पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालो असून स्फटिक वाढवणे हा माझा आयुष्यभराचा आवडीचा विषय आहे.

पेरोव्हस्काइट हे मुळात एका खनिजाचे नाव आहे. १८३९ साली गुस्ताव्ह रोझ यांना उरल पर्वतातून आलेल्या नमुन्यांत कॅल्शियम टायटनेटचे हे खनिज आढळले आणि रशियातील लेव्ह पेरोव्हस्की यांच्या नावावरून त्याचे नाव पडले. आज त्याच रचनेच्या सगळ्याच पदार्थांना हे नाव लावतात. प्रयोगशाळेत गाजतात ते मिथाइल अमोनियम, शिसे आणि हॅलोजन यांचे संयुग असलेले पेरोव्हस्काइट. यात हॅलोजन बदलला की स्फटिकाचा रंग बदलतो, आणि या सगळ्या विषयाची किल्ली मला त्या रंगातच दिसते. आयोडीन घातले तर स्फटिक काळा होतो, ब्रोमीन घातले तर नारिंगी होतो आणि क्लोरीन घातले तर पाण्यासारखा स्वच्छ, बिनरंगी होतो. काळा स्फटिक डोळ्यांना दिसणारा जवळजवळ सगळा प्रकाश गिळतो, म्हणून तो सौरघटाला उपयोगी पडतो. बिनरंगी स्फटिक दिसणारा प्रकाश आरपार जाऊ देतो आणि त्याच्या पलीकडचा, आपल्याला न दिसणारा अतिनील प्रकाश तेवढा शोषतो. विद्यार्थ्यांना हे आकड्यांत सांगायचे तर १२४० या संख्येला पदार्थाच्या बँड गॅपने, म्हणजे इलेक्ट्रॉन-व्होल्टमधील ऊर्जा-अंतराने, भागावे. तो पदार्थ किती नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश शोषेल ते मिळते. क्लोरीनच्या स्फटिकाचे अंतर सुमारे २.९ आहे, म्हणजे उत्तर सुमारे ४३० नॅनोमीटर येते. जांभळ्या रंगाची कड सोडली तर बाकीच्या दृश्य प्रकाशाला हा स्फटिक आंधळा आहे. सिलिकॉनचे अंतर १.१ असल्यामुळे त्याला सगळेच दिसते आणि अतिनील किरण वेगळे ओळखण्यासाठी त्याच्यापुढे फिल्टर बसवावा लागतो. गॅलियम नायट्राइड किंवा सिलिकॉन कार्बाइड हे काम उत्तम करतात, परंतु ते तयार करायला हजार अंशांच्या आसपासचे किंवा त्याहून कितीतरी जास्त तापमान लागते. हा बिनरंगी पेरोव्हस्काइट मात्र पन्नास अंशांच्या आसपास, एका छोट्या काचेच्या कुपीत वाढतो, आणि २०१५ साली अशा स्फटिकापासून अतिनील किरणांचा डिटेक्टर करून दाखवण्यात आला, तेव्हापासून जगभरच्या प्रयोगशाळा त्यामागे लागल्या आहेत.

तो वाढतो कसा, हे मी कोल्हापुरात संशोधन करणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीच्या प्रयोगशाळेत जवळून पाहिले. लेड क्लोराइड आणि मिथाइल अमोनियम क्लोराइड ही दोन पांढरी चूर्णे डीएमएसओ आणि डीएमएफ या दोन द्रावकांच्या समसमान मिश्रणात विरघळवून तिने ते द्रावण बारीक फिल्टरमधून गाळून घेतले आणि कुपी तेलाच्या तव्यात ठेवून तापमान अगदी हळूहळू चढवले. बराच वेळ काहीही दिसत नव्हते. मग कुपीच्या तळाशी, जिथे क्षणापूर्वी नुसते द्रव होते तिथे, मोहरीएवढा एक चौकोनी दाणा दिव्याच्या उजेडात चमकला. दिवस कलेपर्यंत त्याच्या कडा सुरीने कापल्यासारख्या सरळ झाल्या होत्या. गरम द्रावणातून तो चिमट्याने उचलून तिने लगेच फिल्टर पेपरवर टिपला, कारण तसाच थंड होऊ दिला असता तर तो पुन्हा त्याच द्रावणात विरघळून गेला असता. पहिला स्फटिक गार फरशीवर ठेवल्यामुळे मधोमध तडकला होता, असेही तिने सांगितले. खानापूरच्या कौलांच्या भट्ट्यांवर काम केलेल्या कुणालाही हे नवीन नाही. भट्टी निवल्याशिवाय तिचे तोंड उघडत नाहीत.

तापवल्यावर पदार्थ विरघळायचा सोडून बाहेर पडतो, हे वाचकांना चमत्कारिक वाटेल. तुरटी किंवा साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, हा आपला रोजचा अनुभव आहे. परंतु याच्या उलट वागणारा पदार्थही आपल्या घराघरांत आहे आणि तो म्हणजे चुना. वीस अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे १.७ ग्रॅम चुना विरघळतो, तर उकळत्या पाण्यात जेमतेम ०.७ ग्रॅम राहतो. चुन्याची स्वच्छ निवळी बूच लावलेल्या परीक्षानळीत तापवावी. ती गढूळ होते आणि थंड झाल्यावर बऱ्याच अंशी पुन्हा निवळते. निवळीत श्वास फुंकल्यावर येणारा गढूळपणा मात्र थंड करून जात नाही, कारण तो कार्बोनेटचा असतो. पदवीपूर्व वर्गांतील मुलांना मी हे दोन्ही प्रयोग शेजारी-शेजारी करून दाखवत असे, आणि पेरोव्हस्काइट वाढवण्याची पद्धत समजायला याहून चांगली सुरुवात मला तरी ठाऊक नाही. या उलट्या वागण्याचा एक तोटा आमच्या भागात विशेष जाणवेल. पावसाळ्यात वीज गेली की तेल थंड होते, आणि तुरटीच्या बाबतीत थंडाव्याने स्फटिक घाईघाईने वाढला असता, तर इथे तो विरघळू लागतो. माझ्या विद्यार्थिनीचा दीड दिवस वाढवलेला एक स्फटिक अशाच एका रात्री कोपरे झिजून बोरासारखा गोल झाला होता.

या कामातील खरे कौशल्य घाई आवरण्यात आहे, आणि ते आपल्या सीमाभागाला परके नाही. चिक्कोडी, निपाणी, संकेश्वर, गोकाक या पट्ट्यातील साखर कारखान्यांच्या पॅनवर काम करणारी माणसे हेच करतात. रस आटवत आणत त्यात बारीक दाण्याचे बीज सोडायचे, काचेच्या पट्टीवर नमुना घेऊन दाणा बघायचा, आणि आटवणे असे सांभाळायचे की असलेलेच दाणे मोठे होतील, नवे फुटणार नाहीत. आटवणे जरा जास्त झाले की बारीक दाण्यांचा पूर येतो. त्याला तिथे ‘फॉल्स ग्रेन’ म्हणतात आणि तो दाणा पुढे जाळीतून निसटून जातो. पेरोव्हस्काइटच्या कुपीतही नेमके हेच घडते. तापमान भरभर चढवले तर एका मोठ्या स्फटिकाऐवजी शंभर खडे तळाशी बसतात, आणि खड्यांच्या सांध्यांवर विद्युतभार अडकत असल्यामुळे असा गठ्ठा डिटेक्टर म्हणून कमी प्रतीचा ठरतो. अखंड स्फटिकावर दोन इलेक्ट्रोड लावून व्होल्टेज दिले की अंधारात जवळजवळ काहीच प्रवाह वाहत नाही. अतिनील किरण पडताच इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि प्रवाह वाढतो. अंधारातला प्रवाह जितका कमी, तितका मंद किरण ओळखता येतो. त्यासाठीच हा एका अखंड दाण्याचा अट्टहास असतो.

असा डिटेक्टर आपल्याला कशाला हवा, याचे एक उदाहरण माझ्या गावाजवळचेच आहे. नाणे टाकून वीस लिटरचा कॅन भरून घ्यायच्या एका शुद्ध पाण्याच्या केंद्रात जंतू मारण्यासाठी अतिनील दिवा बसवला आहे. दुरुस्तीच्या वेळी मी तिथे होतो. दिवा निळसर पेटलेला होता, पण त्याच्याभोवतीच्या क्वार्ट्झच्या नळीवर क्षारांचा पांढरा थर नखाने खरवडता येईल इतका साठला होता. डोळ्यांना दिसणारा तो निळसर उजेड जंतू मारत नाही. मारतो तो २५४ नॅनोमीटरचा न दिसणारा किरण, आणि तो या थरात अडकतो. दिवा जुना होतो तसाही तो किरण मंदावत जातो, निळसर उजेड मात्र दिसतच राहतो. त्या केंद्रात किरण पाण्यापर्यंत पोहोचतो की नाही हे सांगणारी काहीच सोय नव्हती, फक्त दिव्याला वीज मिळते आहे हे दाखवणारा एक छोटा हिरवा दिवा होता. बेळगावच्या उद्यमबागेतील फॅब्रिकेशनच्या शेडमध्येही वेल्डिंगच्या ठिणगीतून हेच किरण बाहेर पडतात, आणि शेजारी उभ्या असलेल्या मदतनीस मुलाचे डोळे रात्री वाळू गेल्यासारखे सलू लागतात, कारण त्रास काही तासांनी सुरू होतो आणि तोवर कारण विसरलेले असते. स्वस्त, दृश्य प्रकाशाने न फसणारा डिटेक्टर अशा जागी हवा. हे स्फटिक अजून त्या कामाला पुरेसे टिकाऊ नाहीत, हेही सांगितले पाहिजे. दमट हवेत ते खराब होतात, आणि व्होल्टेजखाली स्फटिकातील आयन सरकत असल्यामुळे अंधारातला प्रवाह एका जागी ठरत नाही. खानापूरच्या पावसाळ्यात उघड्यावर ठेवलेला स्फटिक काय टिकणार!

आता मूळ तक्रारीकडे येतो. गेल्या वर्षी आपल्याच जिल्ह्यातील एका महाविद्यालयात विज्ञान प्रकल्पांचा परीक्षक म्हणून मी गेलो होतो. तिथे अंतिम वर्षाच्या मुलांनी याच पेरोव्हस्काइटचा प्रकल्प मांडला होता. मुले हुशार होती आणि त्यांनी ऑनलाइन वाचून सगळे स्वतः केले होते, याचे मला मनापासून कौतुक वाटले. पण लेड क्लोराइडचे चूर्ण छताचा पंखा चालू असताना उघड्या टेबलावर तोलले गेले होते. द्रावण करताना एकाच्या हातात मोजे होते, दुसऱ्याच्या नव्हते. उरलेल्या द्रावणाचे काय केले, असे विचारले तेव्हा एक मुलगा निरागसपणे म्हणाला, “सर, बेसिनमध्ये ओतलं. दहा मिलीच होतं.”

मी त्याच्याच हाती खडू देऊन फळ्यावर हिशेब मांडायला सांगितला. एक मोलर द्रावणाच्या, म्हणजे लिटरमागे एक मोल (२०७ ग्रॅम) शिसे असलेल्या द्रावणाच्या, दहा मिलिलिटरमध्ये शिशाचा एक शतांश मोल असतो, म्हणजे २.०७ ग्रॅम शिसे. पिण्याच्या पाण्यात शिशाची भारतीय मानकाने ठरवलेली मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. भागाकार केला तर उत्तर दोन लाख सात हजार लिटर येते. पाच हजार लिटरच्या टँकरच्या एकेचाळीसहून अधिक खेपांचे पाणी त्या दहा मिलिलिटरने मर्यादेपर्यंत शिशाने दूषित होऊ शकते. त्या मुलाने उत्तर दोनदा तपासले आणि मग तो बराच वेळ फळ्याकडे बघत राहिला. कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा आमच्या गावावरून वाहते, तिच्या काठच्या विहिरींचे पाणी आम्ही पितो, आणि गटाराचे पाणी शेवटी कुठे जाते हे खानापुरात कुणाला सांगावे लागत नाही. शिशाचे शरीरातील कोणतेही प्रमाण सुरक्षित मानता येत नाही, ही जागतिक आरोग्य संघटनेची स्पष्ट भूमिका आहे, आणि त्याचा सर्वांत जास्त घात लहान मुलांच्या वाढत्या मेंदूवर होतो.

द्रावकांचा धोका याहून कमी लोकांना ठाऊक असतो. डीएमएसओ कातडीतून सहज आत शिरते आणि त्यात विरघळलेले पदार्थही सोबत नेऊ शकते, त्यामुळे शिशाचे द्रावण हातावर सांडणे हे नुसते शिसे हातावर पडण्यापेक्षा वाईट आहे. डीएमएफ यकृताला घातक आहे आणि गर्भालाही, आणि साध्या पातळ हातमोज्यांतून ते थोड्या वेळात आरपार जाते. मोजे घातले म्हणून निर्धास्त होता येत नाही. थेंब पडताच ते बदलावे लागतात. वाफ ओढून घेणारे कपाट, म्हणजे फ्यूम हूड, नसेल तिथे हे काम सुरूच करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि हे मत मुलांचा उत्साह मारण्यासाठी नाही.

कारण स्फटिक वाढवण्याचा हात तयार करायला शिसे लागतच नाही. तुरटीपासून सुरुवात करावी. पन्नास अंशांच्या पाण्यात तुरटी वीस अंशांच्या पाण्यापेक्षा अडीच पटीहून जास्त विरघळते, त्यामुळे गरम संपृक्त द्रावण झाकून हळूहळू थंड केले आणि दोऱ्याला बांधलेले बीज मधोमध सोडले, तर आठवड्याभरात हाताच्या अंगठ्याएवढा अष्टफलक मिळतो. ज्याला तुरटीचा एक स्वच्छ, न डागाळलेला स्फटिक वाढवता आला नाही, त्याने पेरोव्हस्काइटच्या कुपीला हात लावू नये. दुसरी पायरी तर शेतकऱ्याच्या घरातच आहे. ठिबकमधून सोडतात ते ‘झिरो बावन्न चौतीस’ खत म्हणजे पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट, ज्याला स्फटिकशास्त्रात केडीपी म्हणतात. ते गाळून, दोन-तीन वेळा पुन्हा स्फटिकीकरण करून शुद्ध करावे आणि मग बीज टाकावे. चौरस दांड्याच्या दोन्ही टोकांना पिरॅमिड असलेला काचेसारखा स्फटिक मिळतो. द्रावणात लोह किंवा ॲल्युमिनियमचा अंश राहिला तर तो दांडा टोकाकडे निमुळता होत जातो, आणि अशुद्धीचा अर्थ विद्यार्थ्याला डोळ्यांनी दिसतो. हाच केडीपी अमेरिकेतील नॅशनल इग्निशन फॅसिलिटीमध्ये मोठमोठ्या पट्ट्यांच्या रूपात १०५३ नॅनोमीटरच्या अवरक्त लेसरचे ३५१ नॅनोमीटरच्या अतिनील किरणांत रूपांतर करायला वापरतात. अतिनील किरणांशी नाते जोडायचेच असेल तर ते निपाणीच्या खताच्या दुकानातील पुडीपासूनही जोडता येते.

यानंतर ज्यांना पुढे जायचे आहे, त्यांच्यासाठी बेळगाव शहरात एखाद्या एकाच सुसज्ज प्रयोगशाळेत, फ्यूम हूडखाली आणि अनुभवी माणसाच्या देखरेखीत, सगळ्या तालुक्यांतील निवडक मुलांना हा प्रयोग करता यावा. प्रत्येक महाविद्यालयाने स्वतंत्रपणे शिसे विकत घेण्यापेक्षा हे कितीतरी बरे. शिसे नसलेले पर्यायही आहेत. सिझियम, चांदी, इंडियम आणि क्लोरीन यांच्या दुहेरी पेरोव्हस्काइटचे ऊर्जा-अंतर सुमारे ३.३ असून तो दृश्य प्रकाशाला आणखी आंधळा आहे. पण तो महाग पडतो आणि तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात, बंद भांड्यात, बऱ्याच वरच्या तापमानाला वाढवतात, म्हणून तालुक्याच्या प्रयोगशाळेने तोही घाईने हाती घेऊ नये.

जिथे शिशाचे प्रकल्प आधीच झाले आहेत, तिथल्या प्राचार्यांना आणि प्रयोगशाळा सहायकांना माझी कळकळीची विनंती आहे. उरलेले द्रावण, धुतलेले पाणी, टिपलेले कागद, वापरलेले मोजे आणि तुटके स्फटिक हे सगळे झाकणाच्या वेगळ्या डब्यांत ठेवावे, डब्यावर ‘शिसे – घातक’ असे मराठीत आणि कन्नडमध्येही लिहावे, आणि २०१६ च्या घातक कचरा नियमांप्रमाणे प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्या संस्थेकडेच तो सोपवावा. मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांत लिहिण्याचा आग्रह मी मुद्दाम धरतो. आपल्या भागात प्रयोगशाळेतील सूचना बहुधा इंग्रजीत टांगलेल्या असतात, आणि बेसिन धुणाऱ्या, कचरा उचलणाऱ्या मावशींना त्या वाचता येत नाहीत. धोका सर्वांत आधी त्यांच्या हाताला लागतो.

आपल्या विज्ञान पानावर तुरटी आणि केडीपीचे स्फटिक घरी वाढवण्याची कृती, द्रावणाच्या नेमक्या प्रमाणासह, दोन भागांत छापावी, अशी माझी आपल्याला विनंती आहे. कृती लिहून द्यायला मी तयार आहे. माझ्याकडे तुरटीचे पस्तीस-चाळीस बीजस्फटिक दोऱ्याला बांधून कोरड्या बरणीत ठेवलेले आहेत. तालुक्यातील ज्या शाळांना ते हवे असतील, त्यांना ते सुट्टीआधी पोहोचवीन.

आपला विश्वासू,
एक निवृत्त पदार्थविज्ञान शिक्षक,
खानापूर, जि. बेळगाव